माझा चेहरा त्याला रागावलेला का दिसतो?

वाचकाचे पत्र (संक्षिप्त): "माझे वय ५८. आम्ही सांगलीत राहतो. चार वर्षांपूर्वी, माझा मुलगा तेवीस वर्षांचा असताना, त्याला स्किझोफ्रेनियाचे निदान झाले. औषधे वेळेवर चालू आहेत आणि कानात येणारे आवाज आता जवळजवळ थांबले आहेत. तरीही घरात एक गोष्ट रोज घडते. मी ओट्याशी भाजी चिरत असते, डोक्यात काहीही नसते, आणि तो दारात येऊन विचारतो, 'आई, तू चिडलीस का माझ्यावर?' नाही म्हटले तरी त्याला पटत नाही. बसमध्ये समोरचा माणूस आपल्याकडेच बघतो आहे असे म्हणून तो मधल्याच थांब्यावर उतरतो. बोलताना आमच्या तोंडाकडे बघत नाही. न्हाणीघरातल्या आरशावर टॉवेल टाकून ठेवतो. मागच्या महिन्यात एकदा म्हणाला, 'आज तू आईसारखी दिसत नाहीस.' त्या रात्री मला झोप लागली नाही. माझे सासरे गेले, ज्यांच्या मांडीवर तो वाढला, तेव्हा त्याच्या डोळ्यांतून टिपूस आले नाही. ह्यांचे म्हणणे असे की ही सगळी नाटके आहेत. मला तसे वाटत नाही, पण ह्यांना समजावता येत नाही. त्याला आमचे चेहरे दिसतात तरी कसे? आणि मे महिन्यात माझ्या भाचीचे लग्न आहे, त्याला न्यावे की नको?"

सप्रेम नमस्कार.

कोणता डॉक्टर चांगला, गोळ्या किती वर्षे घ्यायच्या, लग्न करून दिले तर मुलगा सुधारेल का, अशी पत्रे या सदराकडे पुष्कळ येतात. त्याला आमचे चेहरे दिसतात तरी कसे, असे विचारणारे पत्र मात्र क्वचितच येते. तुम्ही तो प्रश्न विचारलात, त्यामुळे उत्तराची अर्धी वाट तुम्हीच चालून आला आहात असे मी म्हणेन. म्हणून या उत्तराचा मोठा भाग त्याच प्रश्नाला देते, आणि लग्नाचे शेवटी बोलू.

तुमच्या यजमानांच्या शंकेपासून सुरुवात करते. हे नाटक नाही. स्किझोफ्रेनिया असलेल्या व्यक्तींना समोरच्याच्या चेहऱ्यावरचे भाव ओळखणे कठीण जाते, ही या आजाराच्या संशोधनात पुनःपुन्हा सिद्ध झालेल्या गोष्टींपैकी एक आहे. २०१० मध्ये अमेरिकेतील संशोधकांच्या एका गटाने याविषयीच्या ८६ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. शुभार्थी आणि निरोगी व्यक्ती यांच्यात त्यांना जो फरक आढळला, तो ढोबळमानाने असा सांगता येईल की या कामात सरासरी शुभार्थी हा शंभरांपैकी ऐंशीएक निरोगी माणसांच्या मागे असतो. (शुभार्थी म्हणजे ज्याला आजार आहे तो आणि शुभंकर म्हणजे त्याची काळजी वाहणारा; पुण्यातील स्वमदत गटांमध्ये वापरले जाणारे हे शब्द मला 'रुग्ण' आणि 'नातेवाईक' यांपेक्षा अधिक जवळचे वाटतात, म्हणून तेच वापरते.) याचा अर्थ प्रत्येक शुभार्थीला हा त्रास असतोच असा नाही, दोन्ही गटांची बरीच सरमिसळ होते, आणि काही शुभार्थी चेहरे अगदी बिनचूक वाचतात. पण ज्याला त्रास आहे तो सोंग करत नाही, याचा एक पुरावा यजमानांना जरूर सांगा. ज्यांना स्वतःला आजार नाही अशा सख्ख्या भावंडांमध्येही हीच उणीव सौम्य प्रमाणात आढळते. त्या भावंडांना सोंग करण्याचे काहीच कारण नसते.

आता चेहरा 'दिसतो' म्हणजे काय होते ते पाहू. आपल्याला वाटते की डोळे उघडले की समोर चेहरा असतो. प्रत्यक्षात मेंदूला तो प्रत्येक वेळी बांधावा लागतो, आणि ते काम इतक्या वेगाने होते की आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मेंदूतील विद्युतलहरी मोजल्या, तर चेहरा समोर आल्यावर सुमारे १७० मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाच्या एक षष्ठांशाच्या आसपास, एक ठरावीक लाट उमटते. टेबल, बूट किंवा मोटार पाहताना ती इतकी उंच उठत नाही. स्किझोफ्रेनियामध्ये ही लाट अनेक अभ्यासांत दबलेली आढळली आहे. मेंदूच्या खालच्या बाजूला फ्युझिफॉर्म गायरस नावाची एक वळी असते, जिचा एक भाग चेहऱ्यांच्या ओळखीत विशेष तरबेज असतो. ती वळीही काही अभ्यासांत आकारमानाने लहान आढळली आहे. म्हणजे राग की प्रेम हा प्रश्न निघण्याच्या आधीच, नुसता चेहरा जुळवण्याच्या पायरीवर, गाडी थोडी अडखळते.

शिवाय नजर कुठे पडते, हाही भाग आहे. आपण एखाद्याकडे बघतो तेव्हा आपली नजर नकळत त्याचे डोळे, नाक आणि तोंड यांच्यामध्ये फिरत राहते. डोळ्यांच्या हालचाली टिपणाऱ्या उपकरणांनी पाहिले, तर अनेक शुभार्थींची नजर कमी फिरते, एका जागी जास्त वेळ खिळून राहते आणि डोळे-तोंड या नेमक्या जागा पुष्कळदा सुटतात. तुमचा मुलगा तुमच्या तोंडाकडे बघत नाही असे तुम्ही लिहिले आहे. त्यात संकोच असेल, भीतीही असेल. पण ज्या ठिकाणी अर्थ लिहिलेला आहे ते ठिकाणच वाचनातून गळते, हा त्याचा परिणाम होतो. 'माझ्याकडे बघून बोल' असे दरडावल्याने हे सुधारत नाही. बघण्याचा ताण वाढला की ऐकणेही जाते.

आता तुमच्या भाजी चिरण्याकडे येते, कारण माझ्या मते सगळ्या पत्राचे मर्म त्या एका प्रसंगात आहे. तुम्ही म्हणता, 'डोक्यात काहीही नसते.' तेव्हाचा तुमचा चेहरा निर्विकार असणार, आणि निर्विकार चेहरा हाच सर्वांत अवघड चेहरा असतो. हसरा चेहरा ओळखायला सोपा असतो, तो बहुतेक शुभार्थींनाही ओळखता येतो. भीती, दुःख, किळस, राग यांच्यात गोंधळ अधिक होतो. आणि जिथे कोणताच भाव नाही, तिथे काहीतरी नकोसा भाव वाचला जाण्याकडे कल असतो. २००३ मधल्या एका अभ्यासात शुभार्थींनी निर्विकार चेहऱ्यांवर नेमके हेच केले. भीतीची व धोक्याची दखल घेणारा मेंदूतला अमिग्डला हा छोटा भाग निर्विकार चेहरे पाहतानाही काही शुभार्थींमध्ये गरजेपेक्षा जास्त जागा होतो, असे मेंदूच्या प्रतिमा घेऊन केलेल्या अभ्यासांत दिसले आहे. म्हणजे तुम्ही मेथी निवडत असता किंवा हिशेबाची वही बघत असता, आणि त्याच्या मेंदूत मात्र धोक्याची घंटा हळूच वाजलेली असते. घंटा वाजली की माणूस कारण शोधतो. समोर आई आहे, तिची भुवई किंचित आक्रसलेली आहे (कांदा चिरताना कोणाची नसते?), आणि मग कारण एकच उरते: आई माझ्यावर चिडली आहे.

त्याच्या बाजूने पाहिले तर 'तू चिडलीस का' हा प्रश्न रडगाणे नाही. तो चांगला प्रश्न आहे. त्याला जे दिसते त्यावर त्याने पूर्ण विश्वास ठेवलेला नाही. तो येऊन खात्री करून घेतो आहे. ज्या दिवशी तो विचारणे थांबवेल आणि मनातल्या मनात ठरवून टाकेल, त्या दिवसाची काळजी मला अधिक वाटेल. म्हणून त्या प्रश्नाला कंटाळू नका, आणि यजमानांनाही 'झालं याचं सुरू' असे म्हणू देऊ नका.

उत्तर देताना मात्र नुसते 'नाही रे' म्हणून भागत नाही, कारण 'नाही' म्हणणारा चेहरा पुन्हा तोच असतो, आणि आता त्यात थोडा वैतागही मिसळलेला असतो. तुमच्या चेहऱ्यावर जे आहे ते शब्दांत सांगा आणि त्याचे कारणही सांगा: 'नाही, मी चिडलेले नाही. कांद्याने डोळे झोंबतात म्हणून कपाळाला आठ्या आहेत.' किंवा 'मी विजेच्या बिलाचा विचार करत होते, तुझा नव्हे.' आणि कधी खरोखर चिडला असाल तर तेही लपवू नका: 'हो, चिडले आहे, पण दूधवाल्यावर.' खोटे सांगितले तर दोन तोटे होतात. एक, त्याला जे बरोबर दिसले होते तेही चूक ठरते, आणि मग स्वतःच्या नजरेवर त्याने कधी विश्वास ठेवावा हे त्याला कळेनासे होते. दुसरा, आई सांगते ते खरे असते हा घरातला एकमेव भरवशाचा आधार डळमळतो. काही घरांनी विचारण्याची वाट न पाहता आधीच बोलायची सवय लावून घेतली आहे. खोलीत शिरताना 'मी मजेत आहे हं, फक्त दमले आहे' असे म्हणायला सुरुवातीला अवघडल्यासारखे होते, कारण आपल्या घरांत भावना सांगायची नसते, ती चेहऱ्यावरून ओळखायची असते, आणि न ओळखणाऱ्याला अडाणी किंवा कोडगा ठरवले जाते. डोळ्यांनी दटावणे, ओठ मुडपून नापसंती दाखवणे, पाहुण्यांसमोर नजरेने 'उठ, पाणी आण' म्हणणे ही आपली सगळी बिनबोलाची भाषा त्याच्यापुरती बंद करावी लागेल. पाणी हवे असेल तर 'पाणी आण' म्हणा.

बसमधल्या प्रसंगाबद्दल थोडक्यात सांगते. समोरच्याची नजर आपल्यावर आहे की बाजूला, हे ठरवतानाही हीच गडबड होते. बाजूला वळलेली नजरसुद्धा काही शुभार्थींना स्वतःवर रोखलेली वाटते, हे २००५ मधल्या एका अभ्यासात तपासून पाहिले गेले आहे. त्याला खिडकीशेजारी, शक्यतो समोर कोणी तोंड करून बसणार नाही अशा आसनावर बसू द्या. भर गर्दीत त्याच्याशी 'कोणी बघत नाही' असा वाद घालू नका. उतरावेसे वाटले तर उतरू द्या आणि पुढची बस पकडा.

आरशाचे कोडे त्याहून अधिक विचार करण्यासारखे आहे. इटलीतील उर्बिनो विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जोव्हानी कापुतो यांनी २०१० मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. मंद उजेडाच्या खोलीत ५० निरोगी माणसांना दहा मिनिटे आरशात स्वतःच्या चेहऱ्याकडे टक लावून बघायला सांगितले. त्यांतल्या ६६ टक्के लोकांना स्वतःचा चेहरा भयंकर विद्रूप झालेला दिसला. काहींना अनोळखी माणूस, काहींना आईवडिलांचा चेहरा, काहींना प्राणी दिसला. हे निरोगी लोकांचे झाले. पुढे शुभार्थींवर असाच प्रयोग केला, तेव्हा त्यांना हे भास अधिक वेळा आणि अधिक तीव्र झाले. तेव्हा तुमच्या मुलाने आरशावर टॉवेल टाकला, यात मला वेड दिसत नाही, स्वतःला सावरण्याची खटपट दिसते. टॉवेल ओढून काढू नका. न्हाणीघरात पिवळसर मिणमिणता दिवा असेल तर तो बदलून भरपूर पांढरा उजेड देणारा लावा. भिंतीवरच्या मोठ्या आरशाऐवजी हनुवटी आणि गाल एवढेच दिसतील असा हातात धरायचा लहान आरसा द्या. दाढीसाठी सध्या केशकर्तनालयात गेला तरी हरकत नाही, पण तिथेही समोर भलामोठा आरसा असतो हे लक्षात ठेवा. आणि आरशात नेमके काय दिसते, हे त्याला एकदा शांतपणे विचारा. बहुतेक शुभार्थींना हे कोणी विचारलेलेच नसते.

एका गोष्टीत मात्र शुभार्थी आपल्यापेक्षा खरे पाहतात, हे यजमानांना सांगण्यासारखे आहे. गणेशमूर्तीच्या कारखान्यात तुम्ही कधी साचा आतून पाहिला असेल. चेहऱ्याच्या जागी खोलगट पोकळी असते, पण थोडे लांबून पाहिले तर तो चेहरा बाहेर आलेला, आपल्याकडे बघणारा वाटतो. साचा पोकळ आहे हे माहीत असूनही भास जात नाही, कारण चेहरा नेहमी पुढे आलेला असतो हा आयुष्यभराचा अनुभव डोळ्यांनी आणलेल्या माहितीला दाबून टाकतो. हॅनोव्हर आणि लंडन येथील संशोधकांनी २००९ मध्ये १३ शुभार्थी आणि १६ निरोगी व्यक्तींना असे पोकळ चेहरे दाखवले. निरोगी माणसे फसली. शुभार्थी फारसे फसले नाहीत, त्यांना पोकळी पोकळीच दिसली. संशोधकांनी याचा अर्थ असा लावला की मेंदूतून वरून खाली येणारी अपेक्षा आणि डोळ्यांकडून वर जाणारी माहिती यांचा मेळ या आजारात वेगळ्या पद्धतीने बसतो. अभ्यास लहान होता, पण इतर संशोधकांनाही असेच आढळले आहे. मला स्वतःला या प्रयोगातून जे कळले ते इतके, की आपण जवळच्या माणसाचा चेहरा मोठ्या प्रमाणात आठवणीतून पाहतो. तुमच्या कपाळावरची आठी तुमच्या यजमानांना दिसतच नसेल, कारण पस्तीस वर्षांची तुमची ओळख ती आठी पुसून टाकते. तुमच्या मुलाच्या बाबतीत ती ओळख कदाचित तितक्या जोराने मदतीला येत नाही, आणि मग आठी आठीच राहते.

इथून 'आज तू आईसारखी दिसत नाहीस' या वाक्याकडे यायला हवे, आणि इथे मी थोडी कडक होणार आहे. या वाक्याचे दोन अर्थ होऊ शकतात. 'तू आईच आहेस, पण आज वेगळी दिसतेस' हा एक. तो पाहण्यातला बदल आहे, आणि आतापर्यंत सांगितलेल्या गोष्टींमध्ये तो बसतो. 'तू आईसारखी दिसतेस, पण तू आई नाहीस' हा दुसरा, आणि तो भ्रम आहे. फ्रान्समध्ये मनोविकारतज्ज्ञ जोसेफ कॅपग्रा आणि त्यांचे सहकारी रेबूल-लाशो यांनी १९२३ मध्ये अशा एका स्त्रीची हकिगत प्रसिद्ध केली. आपला नवरा आणि मुले यांच्या जागी हुबेहूब दिसणारी तोतया माणसे आणून बसवली आहेत, अशी तिची खात्री होती. तेव्हापासून या भ्रमाला कॅपग्रा यांचे नाव आहे. यामागची एक मान्यताप्राप्त कल्पना अशी: चेहरा पाहिल्यावर दोन गोष्टी होतात, एक म्हणजे 'ही आई आहे' ही ओळख, आणि दुसरी म्हणजे आपल्या माणसाला पाहिल्यावर शरीरात उमटणारी आपलेपणाची लहर. १९९७ मधल्या एका अभ्यासात या भ्रमाच्या रुग्णांच्या त्वचेवरील विद्युत प्रतिसाद (भावना जाग्या झाल्या की किंचित घाम येऊन ते बदलतात) मोजले, तेव्हा ओळखीच्या आणि अनोळखी चेहऱ्यांमध्ये त्यांच्या शरीराने फरकच केला नाही. ओळख पटते, लहर येत नाही. मग मन त्या विसंगतीचा खुलासा शोधते आणि 'ही तोतया आहे' या निष्कर्षाला पोचते.

तुमच्या मुलाचे वाक्य पहिल्या अर्थाचे आहे असे मला पत्रावरून वाटते, पण पत्रावरून असे ठरवणे बरोबर नाही. पुढच्या भेटीची तारीख लांब असेल तर थांबू नका. या आठवड्यातच मनोविकारतज्ज्ञांना फोन करून हे वाक्य जसेच्या तसे सांगा. तो तुम्हाला तोतया म्हणू लागला, तुमच्या हातचे खायला नकार देऊ लागला, तुमच्यापासून खोलीला कडी लावू लागला किंवा 'खरी आई कुठे आहे' असे विचारू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा, कारण या भ्रमात क्वचित जवळच्याच माणसावर हात उगारला जातो. डॉक्टर मिळाले नाहीत तर मानसिक आरोग्यासाठीच्या शासनाच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी बोलता येते. तोपर्यंत 'मीच तुझी आई आहे' हे पटवण्यासाठी जुने फोटो, जन्माचा दाखला असले काही पुढे करू नका. अशा वेळी आवाज अधिक उपयोगी पडू शकतो. अमेरिकेत मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी अभ्यासलेला एक तरुण, ज्याला हा भ्रम डोक्याच्या दुखापतीनंतर झाला होता, आईवडिलांना समोर पाहून तोतया म्हणे, पण फोनवर त्यांचा आवाज ऐकला की त्यांना बिनदिक्कत ओळखे. प्रत्येकाच्या बाबतीत असे होईलच असे नाही, तरी शेजारच्या खोलीतून नेहमीच्या हाकेने बोलून पाहायला हरकत नाही.

आता आजोबांचे. हा परिच्छेद यजमानांना मोठ्याने वाचून दाखवा, अशी माझी विनंती आहे. आतापर्यंत आपण त्याला तुमचे चेहरे नीट वाचता येत नाहीत याबद्दल बोललो, पण तुम्हीही त्याचा चेहरा चुकीचा वाचत आहात. स्किझोफ्रेनियामध्ये चेहऱ्यावरचे हावभाव पुष्कळदा मंदावतात, आणि पाहणाऱ्याला वाटते की आतही सगळे विझले आहे. १९९३ मध्ये अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ अ‍ॅन क्रिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शुभार्थींना आणि निरोगी व्यक्तींना भावनांना हात घालणाऱ्या चित्रपटांतील तुकडे दाखवले आणि त्यांच्या चेहऱ्यांचे चित्रण केले. शुभार्थींचे चेहरे कमी हलले. पण काय वाटले असे विचारल्यावर त्यांनी सांगितलेल्या भावना इतरांइतक्याच होत्या. त्यानंतरच्या अभ्यासात त्वचेचा विद्युत प्रतिसाद मोजला, तर शुभार्थींचे शरीर उलट अधिक हलले होते. चेहरा स्थिर, आत कालवाकालव. तुमच्या सासऱ्यांच्या दहाव्याला तुमचा मुलगा कोरड्या डोळ्यांनी बसला असेल. त्याच्या आत काय चालले होते हे त्या डोळ्यांवरून कोणालाच सांगता येणार नाही. 'कसा दगड आहे' हे कोणी नातेवाईक कुजबुजले असतील आणि ते त्याच्या कानावर गेले असेल, तर त्याला दुःखाबरोबर अपमानही गिळावा लागला असेल. अजून उशीर झालेला नाही. चेहऱ्याकडे न बघता, शेजारी बसून किंवा फिरायला जाताना विचारा: 'आजोबांची आठवण येते का?' उत्तर एका शब्दात आले तरी तो शब्द मोजा.

याच्याशी जोडलेली एक व्यावहारिक बाब आहे. काही औषधांमुळेही चेहरा ताठर, मुखवट्यासारखा होतो. त्याच्याबरोबर चालताना हात न हलणे, हातापायांत आखडल्यासारखे वाटणे, लाळ गळणे किंवा हात थरथरणे असे काही दिसत असेल तर डॉक्टरांना सांगा. त्यावर उपाय असतो. औषध मात्र आपणहून कमी करू नका. औषधांनी आवाज आणि संशय आटोक्यात येतात, चेहरे वाचण्याची अडचण मात्र त्यांनी फारशी कमी होत नाही. आवाज थांबूनही चेहऱ्यांचा त्रास उरला, याचे कारण हे आहे. औषध लागू पडत नाही असा त्याचा अर्थ काढू नका.

मग या अडचणीवर इलाज काय? प्रशिक्षणाने फरक पडतो. जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे तयार झालेल्या एका कार्यक्रमात १२ सत्रांमध्ये शुभार्थींना भुवया, डोळे, तोंड यांतले बदल वेगवेगळे पाहायला, ते शब्दांत मांडायला आणि मग प्रसंगाशी जोडायला शिकवतात. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यामुळे भाव ओळखण्याची क्षमता सुधारल्याचे दिसले. आपल्याकडे असे तयार कार्यक्रम सरसकट उपलब्ध नाहीत, पण एखादे चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ हे काम घ्यायला तयार होऊ शकतील. त्यांना 'सोशल कॉग्निशन ट्रेनिंग' असे विचारा. चाचणी करायची वेळ आली तर चेहरे कोणाचे वापरले जातात, हेही विचारून घ्या. जगभर वापरले जाणारे जुने छायाचित्रसंच बहुतांशी गोऱ्या अमेरिकी चेहऱ्यांचे आहेत, आणि आपल्या समाजातल्या माणसांचे भाव कोणालाही अधिक अचूक ओळखता येतात. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतील संशोधकांनी २००८ मध्ये भारतीय चेहऱ्यांची 'ट्रेंड्स' नावाची चाचणी तयार केली, ती याच कारणाने. घरी तुम्ही एवढे करू शकता: दूरदर्शनवरची एखादी मालिका आवाज बंद करून पाच मिनिटे बघा आणि 'हिला काय वाटत असेल' असे एकमेकांना विचारा. परीक्षा घेतल्यासारखे नको. तुम्हीही चुका, आणि चुकल्याचे कबूल करा. मालिकांमधले भाव इतके भडक असतात की सुरुवातीच्या धड्यासाठी त्यांचा फार उपयोग होतो. त्या बघण्याचे मला सुचलेले हे एकमेव आरोग्यदायी कारण आहे.

यजमानांच्या रागाबद्दल एकच सांगते. घरातली सततची टीका आणि शत्रुत्वाचा सूर यांमुळे आजार उलटण्याची शक्यता वाढते, हे लंडनमध्ये साठ-सत्तरच्या दशकांत झालेल्या अभ्यासांपासून माहीत आहे. चंदीगड येथे असाच अभ्यास झाला, तेव्हा आपल्याकडच्या कुटुंबांत अशी टीका लंडनच्या मानाने कमी आढळली, ही आपली जमेची बाजू. 'नाटके' हा शब्द घरातून गेला, तरी पुष्कळ होईल. ते चिडतात त्याच्या मागे भीती असणार. पण त्यांच्या चेहऱ्यावर मुलाला ती भीती दिसणार नाही, रागच दिसेल. म्हणून त्यांनीही ती बोलून दाखवावी.

आता लग्न. न्या, पण त्याला विचारून, आणि तयारीने. आदल्या दिवशी येणाऱ्या मंडळींचे फोटो नावानिशी आणि नात्यानिशी एकदा दाखवा. आपल्या लग्नघरांत एक क्रूर खेळ चालतो: कोणीतरी मामी समोर उभी राहते आणि विचारते, 'ओळखलंस का मला?' निरोगी माणसालाही त्या प्रश्नाने घाम फुटतो. तुमच्या बहिणीला आधी सांगून ठेवा, की नातेवाईकांनी त्याच्याशी बोलताना स्वतःचे नाव आणि नाते सांगून सुरुवात करावी, आणि पाठीवर अचानक थाप मारू नये. सगळा दिवस थांबायचा आग्रह नको; अक्षता पडेपर्यंत थांबणे पुरे, पंगतीचा गलबला टाळता आला तर उत्तम. बाजूच्या रांगेत, दाराजवळ, पाठीशी भिंत असेल अशी जागा धरा. छायाचित्रकाराला सांगा की याच्या तोंडावर प्रकाशझोत धरायचा नाही आणि 'जरा हसा की' म्हणायचे नाही. त्याला बाहेर जावेसे वाटले तर तुम्हाला सांगायची एक खूण ठरवा, हाताची किंवा शब्दाची, चेहऱ्याची नको. आणि खूण मिळाल्यावर त्याच्याबरोबर कोणी उठायचे हेही आदल्या दिवशीच ठरवून ठेवा. तुम्ही मुलीची मावशी आहात, तुम्हाला ऐनवेळी निघता येणार नाही, तेव्हा या खेपेला ते काम यजमानांकडे द्या. दोघांनी बाहेर मांडवाच्या मागे उभे राहून उसाचा रस प्यावा. उभे राहताना समोरासमोर नको, शेजारी शेजारी राहावे, म्हणजे दोघांनाही एकमेकांचा चेहरा वाचत बसावा लागणार नाही.